शंभर मास्तरीणबाईंचे, वरचे माझे

— छे, नाव नोंदवायला नाही आले, या वयात मी कुठे दोरीवर उड्या मारू? बसा मास्तरीणबाई, गोष्ट सांगते, छोटीच आहे. एका घरात राहायची एक आजी आणि तिची एक नात. आजी खाली, नात वरच्या खोलीत. नातीची आई, म्हणजे आजीची लेक, इस्पितळात नर्स. आज सकाळची पाळी, उद्या दुपारची, त्यामुळे पोरगी वाढली ती आजीच्याच हाताखाली. गुबगुबीत, हसरी, घरात शिरली की आधी भांड्यावरचं झाकण उचलणार. तर नवं वर्ष लागलं आणि पोरगी तुमच्या या व्यायामशाळेत आली. तुम्ही कार्ड दिलंत — हो, हेच पिवळं — आणि म्हणालात, झेपेल तेवढंच ठरव, रोज शंभर उड्या, महिनाभर बघू. बरोबर ना? मला — म्हणजे त्या आजीला — वाचता येत नाही, पण पोरीने वाचून दाखवलं होतं, आणि एकदा कानावर पडलेलं मी विसरत नाही.

शंभराला माझी ना नाही हो. माझी मोजणी विसाची, वीस झाले की बोटाचं एक पेर. वर दोरी सुरू झाली की खाली स्वयंपाकघरात डोक्यावर धप् धप् ऐकू येतं, फळीवरच्या वाट्या किणकिणतात. पहिले चार दिवस पाच पेरं झाली की थांबायची. मग दहा झाली. मग एक हात संपला, मग दुसरा. परवा तर दोन्ही हात संपले, मी पुन्हा अंगठा पहिल्या पेरावर नेला, आणि इकडे दूध उतू गेलं तरी पत्ता नाही. जिन्याखालून ओरडले, "अगं, शंभर कधीच झाले!" तर वरून काय म्हणावं हिने? "शंभर मास्तरीणबाईंचे, आजी. वरचे माझे."

जेवते का, विचारता? तिथेच तर गोम आहे. ताटात असतं सगळं, पोटात जात नाही. "मैत्रिणीकडे खाल्लं." रोज? मैत्रीण काय खानावळ चालवते? मनगट बघितलंत तिचं? घड्याळ कोपरापर्यंत चढतं. आणि काल जिन्यात बसली की मटकन, तीन पायऱ्या राहिलेल्या, ओठ पांढरेफटक. पाणी पाजलं, चमच्याने साखर भरवली, तेव्हा कुठे डोळे उघडले. आणि उघडल्यावर पहिलं काय बोलली? "आईला सांगू नकोस, तुला माझी शपथ." नाही सांगितलं हो मी! लेक पाळीवरून दमून आली, "सगळं ठीक?" म्हणाली, मी म्हटलं, ठीक. आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही, पण हे काही घशाखाली उतरेना.

म्हणून आले. घरात दिवसातून दहा वेळा तुमचंच नाव असतं. तुमचं ऐकेल ती. लिहा ना त्या कार्डावर मोठ्या अक्षरांत — शंभर झाले की दोरी खुंटीला. नाहीतर पन्नास करा. नाहीतर लिहा, आधी जेवण, मग उडी.

काय? हे डोक्यात आलं कुठून? मला काय ठाऊक. शाळेतल्या पोरी, त्या फोनमधल्या काटकुळ्या बायका — तेच असणार, दुसरं काय? ...अशा बघू नका हो. बरं, ऐका. वर्ष सरता सरता तिच्या मावशीकडे जेवायला गेलो होतो, घरभर माणसं. पोरीने दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे केला, आणि आजी म्हणाली — ती गोष्टीतली — "पुरे गं बाई, नाहीतर घरी गेल्यावर दाराची चौकट रुंदवावी लागेल." सगळे हसले. मला हसवता येतं, लोक मुद्दाम शेजारी बसतात माझ्या. पण सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं, सांगू? तीच. हसता हसता ताट खाली ठेवलं तिने. मी बघितलं होतं. ठेवल्याचा आवाजसुद्धा आठवतो मला. त्यानंतर आठवडाभरात ती तुमच्या दारात उभी. तुझा काय दोष, मास्तरीणबाई? तू शंभरच लिहिलेस. वरचे तिचे नाहीत गं, वरचे माझे आहेत.

दोरी बंदच करतेस? कर, कर बाई. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही, असं म्हण तिला. आणि बाकीचं? मी बोलायचं? नको गं, माझ्या तोंडून एकदा ऐकलंय तिने, त्याचं काय झालं बघतेस ना? आणि लेकीलाही सांगायचं, आजच? शपथ घातलीय मला... हो. हो, कळतंय. शपथ मोठी की पोर मोठी.

कोण आलं? अगंबाई, तू? ये. घाबरू नकोस, तुझी तक्रार घेऊन नाही आले. माझीच घेऊन आले. बस इथे, अशी जवळ. — आणि मास्तरीणबाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? दार लोटून घ्या. जा हो, जा ना. ऐकायला तिसरं माणूस असलं की मला विनोद सुचतो.