कारभारी बाजारात गेल्यात

(वलवण. चैत्रातली सकाळ. बंगल्याच्या बागेतलं लहानसं तळं. गुडघाभर चिखलात गेणू, भोवती बदकं. फाटकातून रखमाजी आत आलेला.)

रखमाजी : आरं बाबा, इकडं बघ की! गेणू कारभारी कुटं भेटतील म्हनलं?

गेणू : कोन पायजे?

रखमाजी : ह्या बंगल्याचं कारभारी. मी टाकव्याचा रखमाजी. त्येंची लेक आमच्या पोराला द्यायची ठरलीया.

गेणू : कारभारी... न्हाईत. बाजारात गेल्यात, लोनावळ्याला.

रखमाजी : येतील कवा?

गेणू : त्येंचा काय नेम न्हाई. तुमी जावा. येऊन गेलं म्हून सांगतो मी.

रखमाजी : जावा काय? कामशेतला गाडी धरून आलोय. आजून त्येंचं तोंडसुदिक बघितलं न्हाई. सुपारी फुटली तवा बी त्येंचा भाऊ भिमाजीच आलता. कारभाऱ्यास्नी रजा मिळंना म्हनं. बसतो हितं आंब्याखाली. तू तुजं काम कर.

गेणू : बसा.

रखमाजी : ही बदकं म्हनायची व्हय?

गेणू : व्हय. बाईसायबांची. लय लाडाची.

रखमाजी : आन तू त्येंचा गुराखी!

गेणू : ...व्हय.

रखमाजी : हसलो म्हून राग धरू नगं. ही कोन येवढा कालवा करती?

गेणू : ती बेगम. आरडत्यात त्या माद्याच. नराचा आवाज बसका असतो. त्यो बघा, शेपटीवर पीस वळल्यालं. त्यो नबाब.

रखमाजी : आमच्या घरावानीच की मग. आन ती तांबडी फुलं खात्यात का काय?

गेणू : पांगाऱ्याची हैत. पान्यात पडली की त्यातलं किडं येचत्यात. तुमच्या त्या फडक्यात भाकर हाय न्हवं? कुसकरा भिजवून हातावर धरा. कोरडा नगं, घशाला बसतो.

रखमाजी : आगं, आगं! गुदगुल्या व्हत्यात की! आयला, भारी जनावर हाय. माज्या नातवंडास्नी दावाय पायजे, व्हतील तवा.

गेणू : व्हतील की.

रखमाजी : ये वर. ऊन चढलं. कारभाऱ्यांसाठी म्हून बायकूनं तिळाची चटनी, वांग्याचं भरीत बांधून दिलंय. त्ये न्हाईत, तू खा.

गेणू : मला नगं.

रखमाजी : खा रं. येकट्याच्या घशाखाली उतरत न्हाई माज्या. हां, असं. आता खरं सांग, कसा हाय मानूस?

गेणू : कोन?

रखमाजी : कारभारी. तू रोज बघतोस.

गेणू : हाय आपला. लय बोलत न्हाई.

रखमाजी : भिमाजी सांगत हुता, कोट घालून फिरत्यात. बाईसायब त्यास्नी इचारल्याबिगर पान हलवत न्हाईत.

गेणू : वाढवून सांगितलं आसंल.

रखमाजी : वाढवून न्हाई, तेच माज्या जिवाला लागलंय. तुला म्हून सांगतो, मी सोयरीक मोडाय आलोय.

गेणू : काय?

रखमाजी : वरडू नगं, बदकं पळाली बघ. माजं पोरगं बैलामागं चालतंय. कारभाऱ्याची लेक आमच्यात येऊन श्यान काढंल का? माजी बायकू धोंडा साधी बाई हाय. परवा चुलीम्होरं बसल्या बसल्या म्हनली, सून आली की हितं बसू का नगं, तिला इचारून बसंन. आन लागली की रडायला. मला बघवंना. म्हून आलो. पाय धरून सांगनार हाय, कारभारी, तुमच्या तोलाचं घर बघा.

गेणू : पोरगी तशी न्हाई, पाव्हनं! श्यान काढती, भाकरी थापती, बोट धरून म्हातारीला वढ्यावर नेती. नंदा तशी न्हाई.

रखमाजी : तुला काय म्हाईत?

गेणू : आलती हितं. येकदा. थांबा, बाईसायब आल्या.

मेहमुदाबी : गेणू! अरे गेणू, पिल्लांना सावलीत घेतलंस का? वर घार फिरतेय. आणि हे पाहुणे कोण?

रखमाजी : गेणू?

मेहमुदाबी : हो, आमचा गेणू. हा दिसला नाही तर बदकं पाण्यातसुद्धा उतरत नाहीत. का हो, काय झालं? गेणू, असा उभा का राहिलास?

गेणू : काय न्हाई, बाईसायब. घेतो पिल्लं.

मेहमुदाबी : आणि पाहुण्यांना कैऱ्या दे बांधून. बसा हं तुम्ही, उन्हाचं जाऊ नका.

रखमाजी : गेल्या त्या. आता बोल.

गेणू : पाय धरतो तुमचं...

रखमाजी : हात लावू नगं.

गेणू : बैल मेलं, तवा हितं आलो. गावात कसं सांगावं, बदकं राखतो म्हून? येकदा तोंडातनं गेलं, कारभारी हाय म्हून. मग भाऊ म्हनाय लागला. मग समदं गाव.

रखमाजी : बदकं राख, न्हाईतर कोंबड्या राख. त्येचं मला काय न्हाई. पर माज्या घरातलं रडनं मी तुज्याफुडं सांगितलं, आन तू घास चावत आयकत बसलास. तवा तरी बोलायचंस!

गेणू : जीभ उचलंना.

रखमाजी : आन पोरीचं सांगितलंस, ते बी तसलंच का?

गेणू : हितं आलती म्हनलो, त्येवढंच खोटं. बाकी येक अक्षार खोटं न्हाई. तिला तर आजून ठावं न्हाई, बाप काय करतो.

रखमाजी : मग तिला सांग. लग्नाआदी, तुज्या तोंडानं. त्यानंतर माज्या दारात ये, तारीख धरू.

गेणू : लेकीला कसं सांगू हो?

रखमाजी : मला सांगाय बाईसायब आल्या. तिला सांगाय कोन यायचं न्हाई.

गेणू : ...सांगतो.

रखमाजी : निगतो मी. फाटक लाव. तुजं बिऱ्हाड यायला लागलं बघ मागनं.

गेणू : हुश्श, हुश्श! चल आत, बेगम... टेसनापतुर येऊ का?

रखमाजी : ये. पर आसा मागं मागं का चालतुयास?

गेणू : फुडं यायला तोंड न्हाई.

रखमाजी : सकाळी इचारत इचारत आलतो, बाबा. मला वाट ठावं न्हाई. फुडं तुलाच व्हावं लागंल.