केराप्पांची हाळी

सांगा बरं मंडळी, दिलेलं दान पुरं कधी होतं? कागदावर सही झाली की? गळ्यात हार पडून फोटो निघाला की? उत्तराची घाई नको. ऐका!

माणदेशात केराप्पा शेंडगे नावाचे गृहस्थ. साठ खिलार गाई, ऐंशी एकर कुरण. पोटी लेकरू नाही, बायको देवाघरी गेलेली. उभ्या हयातीत त्यांनी कुरणाला नांगर लागू दिला नाही. लोक म्हणायचे, प्लॉट पाडा, राजासारखे राहाल. आप्पा विचारायचे, मग गाई काय गच्चीवर चारू?

आणि एक दिवस आप्पांनी सगळं देऊन टाकलं — गाई, कुरण, विहीर — पशुवैद्यक विद्यापीठाला! तिथली मुलं शिकतील, खिलारचा वंश टिकेल. टाळ्या झाल्या, हार झाला. झालं दान? छे!

अहो, चरायला गेलेल्या गाई सांजेला परतायच्या त्या आप्पांच्या हाळीवर. दुसऱ्या कुणाला त्या जुमानत नसत. विद्यापीठानं तिथं नेमलेली रजिया तांबोळी ही तरुण डॉक्टर. ती रोज विनवायची, आप्पा, हाळी शिकवा. आप्पा रोज म्हणायचे, मी आहे ना! खरं सांगू? मनातून सुखावायचे. सगळं दिलं, पण एवढं अजून माझंच आहे!

मग श्रावणात आप्पा तापानं पडले. आवाज पार बसला. दिवस कलला, गाई डोंगराच्या अंगाला गेलेल्या — आणि तिकडं लांडगे! त्यात दोघी गाभण. रजियानं हाका मारमारून घसा कोरडा केला. एकही गाय कान हलवेना. आप्पांनी ओसरीवर येऊन तोंड उघडलं — नुसता वारा! तेव्हा त्यांना उमगलं. आपण जे धरून ठेवलं, त्यापायीच आज जनावरं जाणार.

त्यांनी रजियाला जवळ बसवलं. तिची बोटं आपल्या गळ्यावर ठेवली, श्वास कुठं धरायचा, कुठं सोडायचा, ते दाखवलं. पोरीचं एकदा चुकलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा हाळी उठली — आणि पुढची गाय वळली! मागोमाग सगळा कळप, गाभण गाईंसकट.

आप्पा ढसाढसा रडले. दुःखानं नव्हे मंडळी, सुटल्यासारखं वाटून रडले. रजियाचा हात धरून कसंबसं पुटपुटले,

"पोरी, आत्ता दिलं बघ."

पुढं चार वर्षं जगले आप्पा. सांजेला बाजेवर पडून रजियाची हाळी ऐकायचे आणि निवांत डोळे मिटायचे.

आता हसू नका, तुमच्याकडे वळतोय! आजी, सुनेला स्वयंपाकघर दिलंत, मग मसाल्याचं माप अजून पोटातच का? आणि शेठ, दुकान मुलाच्या नावावर केलंत ना? मग गल्ल्यावर कोण बसतं हो? जा, घरी जा. राहिलेलं तेवढं देऊन या. तोवर आरती थांबेल!