कातळावरची उडी

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. अब्बा मच्छीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून माझे हात असे मोठे, असं अम्मा बोलायची, आता तांडेलाच्या पोराचे हात मोठे का होतात ते तिलाच माहीत! शाळेत मी धावायला आळशी, म्हणून पोरांनी मला गोलमध्ये उभा केला आणि मग मी तिथून हललोच नाय.

चुलत्याने ओमानात, सोहारला, फॅक्टरीच्या गोदामात चिकटवला. शुक्रवारी आम्ही खेळायचो, आपले, मलबारी, बलुची, सगळे. तिथं एक गोरा येऊन उभा राहायचा, आयर्लंडचा, इथल्या छोट्या क्लबात गोलींना शिकवायचा. त्याचं पण नशीब बघा, तिकडे पगारावर खेळायला लागला आणि पहिल्याच मोसमात गुडघा गेला, खलास. तो बोलला, क्लबात येतोस का? आमचा अर्बाब, म्हणजे फॅक्टरीचा मालक, फुटबॉलचा येडा, त्याने लगेच कामावरून रिलीज दिली, बोलला, यल्ला, जा, हरलास तर तोंड दाखवू नको, आणि हसला.

काय सांगू तुम्हाला, खेळायचा पगार मिळतो हो! पहिल्या मॅचला पेनल्टी अडवली, तर तो गोरा कोच धावत आला आणि माझ्या मानेवर अशी थाप मारली, अजून आठवते.

मोसम अर्ध्यावर असताना बहिणीचं लगीन निघालं. गावी निघताना कोचने बजावलं, जेव, नाच, पण बॉलला हात लावू नको. पण आमच्या गावात लगीन झालं की दुसऱ्या दिवशी मॅच, मुलीकडचे आणि नवऱ्याकडचे, ही आमची रीतच. भोंग्यावर पुकारा चाललाय, ओमानवाला गोली, ओमानवाला गोली. मी बोललो, कोचने मना केलंय. तर अब्बा उठले, बोलले, व्याही बसलेत, घरची इज्जत हाय, जरा उभा रहा, कोण मरतंय? आता बापाला, त्यातून चार माणसांत, नाय कसं म्हणणार? मैदान म्हणजे उघडा कातळ, वर नावाला माती. बॉल वरच्या कोपऱ्यात आला आणि अंग ऐकतं का? मारली उडी. अडवला, हां! आणि खांद्यावर आपटलो.

मग नेला हाडवैदाकडे, आमच्यात तीच पद्धत, त्याने तेल चोळून खेचला, बांधला, आणि खांदा बसला तो वाकडाच. इथं परत आल्यावर क्लबच्या डॉक्टरने एक्सरे बघून नकाराची मान हलवली. कोचने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गाडीत घालून दर्यावर नेला, चहा पाजला, बोलला, मला अजून स्वप्नात बॉल येताना दिसतो. पुढं तो आपल्या मुलखात गेला.

अर्बाबने परत गोदामात घेतला, अल्ला त्याचं भलं करो. हात खांद्याच्या वर जात नाय. लोक बोलतात नशीब, मी पण तसंच बोलतो, पण खरं सांगू, राग येतो, अजून येतो, आणि काढू कुणावर?

अब्बा आता थकलेत, डोळ्यांना दिसत नाय, पण फोनवर पहिला सवाल तोच, खांदा कसा हाय रे? मी बोलतो, मस्त. मग विचारतात, क्लबवाले परत कधी बोलावतायत? अहो, मी चाळिशीला आलो, ढेरी सुटली! पण त्यांना कुणी सांगितलंच नाय की ते कधीच संपलं, अम्मा बोलते, नको सांगू, म्हातारा स्वतःला दोष लावून घेईल. मग मी बोलतो, या थंडीच्या मोसमात बोलावतील अब्बा, इन्शाल्ला. आणि तिकडून ते घरभर ओरडतात, ऐकलंत का, पोराला क्लबचं बोलावणं येतंय! अल्ला त्यांना उदंड हयाती देवो, मी दर थंडीला असंच सांगत राहीन.