आधी कोणाला झालं

(फ्रीगंज भागातल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरचा बाक, जानेवारीतली दुपार. गोपाळकृष्ण आणि त्यांची सून केतकी नुकतेच तपासणी करून बाहेर आले आहेत.)

केतकी: मोजे घाला बाबा. पाय उघडे ठेवू नका म्हणालेत ते.

गोपाळकृष्ण: घालतो. तू बस जरा.

केतकी: ऑटो बघते ना. अर्धीच सुट्टी मिळालीय, बँकेत परत जायचंय मला.

गोपाळकृष्ण: मघाशी आत तू काहीच बोलली नाहीस.

केतकी: कशावर?

गोपाळकृष्ण: त्यांनी विचारलं, बोटं अशी जांभळी पहिल्यांदा कधी झाली. मी म्हटलं, प्रतिभा गेली त्या वर्षी, पाडव्याला. तर म्हणाले, दादाजी, तेव्हा तर गर्मी होती, थंडीनं कशी सुजतील? मग विचारलं, घर में किसी को कोरोना हुआ था क्या. आणि तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलीस.

केतकी: तुम्ही सांगत होतात की.

गोपाळकृष्ण: काय सांगितलं मी? सुनेला झाला, मग बायकोला झाला, बायको गेली, मला काही झालं नाही. सगळ्यांना हेच सांगतो. पाठ झालंय. त्यावर ते म्हणाले, आपको भी हुआ होगा, बिना बुखार के. काही जणांची नुसती बोटंच अशी होतात. खाज, आग, जांभळट सूज. आणि तीही बहुतेक करून आजार अंगात शिरल्यावर काही दिवसांनी. म्हणजे बोटं दिसली तेव्हा मला होऊनही गेला असेल, केतकी.

केतकी: त्यांनी हेही सांगितलं ना, की आता काही सिद्ध होणार नाही. तुमच्या वयाला हे कमीच दिसतं म्हणाले. रक्त नीट न फिरल्यानंही होतं.

गोपाळकृष्ण: आत्ता थंडीत दुखतायत ते ठीक. पण पाडव्याला?

केतकी: बाबा, रहने दो ना आता.

गोपाळकृष्ण: गुढी उतरवायला स्टुलावर चढलो होतो मी. प्रतिभा खाली स्टूल धरून उभी. म्हणाली, अहो, बोटांना शाई लागलीय का? मी म्हटलं, चप्पल चावली असेल. तुला ताप आला तो त्यानंतर.

केतकी: हो. नंतर.

गोपाळकृष्ण: आठवतंय तुला?

केतकी: आग होतेय म्हणून तुम्ही माझ्याकडे खोबरेल तेल मागितलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी खोलीत बंद झाले.

गोपाळकृष्ण: आणि पाडव्याआधी मी राम घाटावर जाऊन आलो होतो. माझ्या मित्राच्या, अरविंदच्या दहाव्याला. बरीच माणसं जमली होती, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. तू बँकेत जात होतीस ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मी घाटावर गेलो ते कुणाच्याच नाही. माझ्यासुद्धा.

केतकी: माझ्या होतं.

गोपाळकृष्ण: काय?

केतकी: लक्षात होतं. आई गेल्यावर काही महिन्यांनी मोबाइलवर कोरोना झालेल्या कुणाच्या तरी पायाचे फोटो आले होते. अगदी तुमच्यासारखे. तेव्हाच कळलं.

गोपाळकृष्ण: आणि बोलली नाहीस.

केतकी: वर्षश्राद्धाला बोलणार होते. विनूआत्या पंगतीत म्हणाल्या ना, बँकेतून घरात आलं आणि माझ्या वहिनीला घेऊन गेलं. तेव्हा अगदी तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही समोर बसला होतात, भात कालवत. नाही बोलवलं माझ्यानं.

गोपाळकृष्ण: माझी दया आली तुला.

केतकी: दया नाही हो. थकले होते. बोलले असते तर आत्या म्हणाल्या असत्या, बघा, आता सासऱ्यावर ढकलतेय. मग ते निस्तरत बसा. त्यापेक्षा उठून भांडी घासलेली बरी वाटली.

गोपाळकृष्ण: विक्रांतला तरी सांगायचंस, नवरा आहे तुझा.

केतकी: त्यानं कधी मला काही विचारलं का? विचारलं असतं, भांडला असता, तर सांगितलं असतं. तो नुसता गप्प झाला. आईंचा फोटो पुसायचा असला तरी स्वतःच पुसतो. माझ्या हातात फडकं देत नाही.

गोपाळकृष्ण: फोन लावतो त्याला.

केतकी: आत्ता नको. ऑफिसात असेल.

गोपाळकृष्ण: घरी गेल्यावर मला नाही जमणार. याचा स्पीकर कुठून चालू होतो?

केतकी: हे, इथून.

विक्रांत: हां बाबा, बोला. काय म्हणाले डॉक्टर?

गोपाळकृष्ण: मलम दिलंय. घाबरण्यासारखं नाही. विक्रांत, ऐक. आईच्या वेळी मलाच आधी झालं असावं. केतकीच्या आधी.

विक्रांत: कोण म्हणालं?

गोपाळकृष्ण: डॉक्टर म्हणाले, असू शकतं. पक्कं नाही सांगता येत.

विक्रांत: मग झालं तर. पक्कं नाही तर आता कशाला उकरायचं?

गोपाळकृष्ण: उकरत नाही. पक्कं कधी नव्हतंच, एवढंच म्हणतोय. आपण मात्र पक्कं धरून चाललो. तुझी आत्या बोलून, तू न बोलता. मीही ऐकून घेतलं.

विक्रांत: बाबा, तुम्ही उगाच स्वतःला दोष देऊ नका. तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा?

गोपाळकृष्ण: बघ. मला लगेच म्हणालास, तिला कधीच नाही.

विक्रांत: एक मिनिट, बाहेर येतो.

गोपाळकृष्ण: आहेस ना रे?

विक्रांत: आहे. केतकी तिथेच आहे का?

केतकी: हो.

विक्रांत: ऐकत होतीस?

केतकी: हो.

विक्रांत: जेवलीस का?

केतकी: अजून नाही.

विक्रांत: टावर चौकात काहीतरी खाऊन घ्या दोघं. मी… मी आज लवकर येतो.

केतकी: बरं. ठेवते.

गोपाळकृष्ण: एवढंच बोलला.

केतकी: त्याच्या मानानं पुष्कळ बोलला.

गोपाळकृष्ण: विनूला मी सांगेन. सगळ्यांदेखत सांगेन.

केतकी: सांगा. मी तेव्हा इथे नसेन बहुतेक. रतलामच्या शाखेत बदली झालीय माझी. सोमवारी ऑर्डर आली.

गोपाळकृष्ण: अशी अचानक?

केतकी: अचानक नाही. मी मागितली होती. विक्रांतला माहीत नाही. आज सांगते.

गोपाळकृष्ण: आता बँकेला नको म्हणून सांगता नाही येणार?

केतकी: येईल. पण सांगायचं नाहीये.

गोपाळकृष्ण: म्हणजे राग आहे अजून.

केतकी: अर्ज केला तेव्हा होता. आता नाही, खरंच. तुम्ही बोललात ते बरं वाटलं. पण बाबा, आई गेल्यापासून घरात मला साधा खोकला आला ना, तरी मी अंगणात जाऊन खोकते. सवयच झालीय. ते असं एका फोननं नाही जात.

गोपाळकृष्ण: मी कधी पाहिलं नाही.

केतकी: कुणीच नाही पाहिलं.

गोपाळकृष्ण: रतलाम तसं लांब नाही. सकाळी गाडी असते. विक्रांतला घेऊन मी रविवारी येत जाईन. आलेलं चालेल ना?

केतकी: या ना. फक्त सुरुवातीचे काही रविवार नको. नुसती झोपणार आहे मी.