पाठीमागच्या बाकावरून

सदाशिव पेठेतल्या कानाच्या दवाखान्यात वसुधाताई मुलगा गाडी घेऊन येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. नवं मशीन कानात बसून पंधरा मिनिटं झाली होती आणि अजून तरी पंख्याची घरघरच तेवढी भरपूर ऐकू आली होती. मागच्या बाकावर कोणी बहीण-भाऊ येऊन बसले आणि कुजबुजू लागले.

“बाबा आत तपासणीला गेले खरे, पण मशीन घालणार नाहीत. कपाटात पडून राहील, दादा.”

“घालावंच लागेल, भाग्यश्री. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकू येईना म्हणून सगळ्याला मान डोलावत बसले आणि सेक्रेटरी होऊन घरी आले.”

“ते एक वेळ चालेल. पण ईशानीचा फोन आला की हल्ली अंघोळीला पळतात. काल तीनदा अंघोळ केली. नातीशी बोलायची धास्ती घेतलीय त्यांनी.”

“मशीनने खरंच फरक पडतो का, हे तरी कोणाला विचारायचं?”

“अजून हळू बोल. पुढच्या काकू ऐकतील.”

“त्यांना कसलं ऐकू येतंय? कानात मशीन दिसत नाही का?”

वसुधाताई मागे वळल्या.

“तिसरी अंघोळ किती वाजता झाली?”

“अहो काकू, सॉरी. तुम्हाला सगळं ऐकू आलं?”

“सेक्रेटरीपासून सगळं.”

“दादा, आपण तर कुजबुजत होतो.”

“चार वर्षं घरातले माझ्याशी ओरडूनच बोलतायत. थांबलात का? बोला. अगदी हळू बोला.”