अर्धी सही

तुम्हाला त्या पैलवानांचा किस्सा ठाऊक नाही. मी नळाचं पाणी भरत होते, तेवढ्यात शेजारची सुनीता ओरडली, “काकू, मानवतच्या रक्तदान शिबिराला काकांचे पैलवान यायलेत!”

आमच्या ह्यांना पैलवानांच्या सह्या जमवायचा नाद. नेमकी याच पैलवानांची सही मिळाली नव्हती, आणि गेल्या वर्षी हे गेले. म्हणून मीच निघाले.

सही फक्त रक्त देणाऱ्यांना मिळणार होती. डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं आणि म्हणाले, “रक्त कमी आहे, तुमचं घेता येणार नाही.” तरी मी ह्यांची पांढरी टोपी पैलवानांपुढे धरली आणि सगळं सांगितलं.

“ताई, तुमी नीट जेवायलात का न्हाई?”

“एकटीसाठी काय रांधायचं, दादा?”

त्यांनी टोपीवर नुसतं पहिलं नाव लिहिलं.

“अहो, आडनाव?”

“ते रक्त दिल्यावर! पुढच्या शिबिराला बी मीच हाय. तवर भाकरी खा, पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे तर लय खा.”

रांगेतली माणसं हसली. बऱ्याच दिवसांनी मीही हसले.

आता दोन्ही वेळा स्वयंपाक करते. रक्त वाढतंय, असं डॉक्टर परवाच म्हणाले. आडनाव मात्र अजून घ्यायचं आहे.