नाट्यमंडळाची म्हातारी

...ही म्हातारी आहे का कुलपात वाकलेली किल्ली आहे, एवढंच विचारलं मी सरांना. तुम्हाला सांगते, एवढंच! तर अख्खं सभागृह असं वळून बघायला लागलं, जसं काही मी पडद्याला काडी लावली. शेजारून सून माझी बाही ओढतेय, आई बसा, आई सगळे बघतायत, आई ही नुसती तालीम आहे... अगं, तालीम आहे म्हणून तर बोलतेय. प्रयोगाच्या दिवशी बोलले असते तर तूच म्हणाली असतीस, आधी का नाही बोललात. मनात आलं ते विचारलं. आता यात भांडण कुठं आलं?

आणि मी काय आपणहून गेले होते? या हायस्कूलच्या नाट्यमंडळाची पद्धतच आहे, प्रयोगाच्या आधी 'घरच्यांची तालीम' ठेवतात. म्हणजे पोरांच्या आईबापांनी, आजीआजोबांनी यायचं, बाकांवर अवघडून बसायचं, सबंध नाटक बघायचं आणि काय खटकलं ते तिथल्या तिथं सांगून टाकायचं, म्हणजे प्रयोग झाल्यावर कुणी सरांना फाटकात गाठत नाही. सुरुवातीला सरांनी शिट्टी वाजवली. हो, शिट्टी. खेळाचा तासही त्यांच्याकडंच ना. शिट्टी वाजवून हात जोडून म्हणाले, अगदी साखर पेरल्यासारखं, "काही सूचना असतील तर मोकळेपणानं सांगा हं." आता माझ्यासारखीला मोकळेपणानं सांगा म्हणायचं, आणि सांगितलं की रुमाल काढून मान पुसायची? बाकीच्यांनी सांगितलंच की. एका आईला लेकीची लिपस्टिक भडक वाटली, एका बापाला पोराचा आवाज मागपर्यंत येत नव्हता. मला म्हातारी चुकलेली वाटली. लिपस्टिक ती सूचना, आणि म्हातारी ते भांडण?

नाटक सांगते, म्हणजे कळेल तुम्हाला. सरांनीच लिहिलंय. शिकवतात भूगोल, त्यामुळे पहिल्या अंकात वारा कुठून कुठं वाहतोय ते फार आहे. एक म्हातारी, तिचे मुलगे, एक घर. मुलगे घर विकायला निघालेत, म्हातारी सह्या करत नाही. गोष्ट चांगली आहे, वाईटाला वाईट म्हणते तशी चांगल्याला चांगलं म्हणते मी. पण मंडळाचा नियम असा, की नाव घातलेल्या प्रत्येक पोराला स्टेजवर यायला मिळालंच पाहिजे. त्यामुळे एका म्हातारीला तपासायला डॉक्टर येतात चार. चौघं मिळून एकच नाडी बघतात. आणि पोस्टमन दर प्रवेशाला येतो, पत्र काही आणत नाही, "आज पत्र नाही" एवढं सांगून जातो. असू दे. पोरांची हौस आहे.

आणि म्हातारी कोण? माझी नात! त्यासाठी पोरीनं काय काय केलंय, तुम्हाला माहीत नाही. आधी होती निसर्ग मंडळात, तिथं वर्षभर सगळे मिळून एका कुंडीकडं बघत बसले. मग बुद्धिबळ मंडळ, तिथले घोडे हरवलेले, म्हणून घोड्यांच्या जागी खोडरबर. शेवटी नाट्यमंडळ. पहिल्या वर्षी पडदा ओढायला ठेवली, दोरी अडकते तिथं, ओढून ओढून पोरीच्या तळहाताला फोड. दुसऱ्या वर्षी विंगेत उभं राहून पत्रा हलवायचा, म्हणजे ढगांचा गडगडाट. आम्ही घरचे झाडून सगळे इस्त्रीचे कपडे घालून गेलो आणि गडगडाट ऐकून आलो, आणि मी शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना कोपरानं ढोसून सांगतेय, हा आमचा गडगडाट बरं का. यंदा कुठं काम मिळालं. तोंडानं बोलायचं काम, नाटकभर! पोर आंघोळ करताना वाक्यं म्हणते, दात घासताना म्हणते, तोंडात फेस असला तरी म्हणते.

आणि तेही काम धरून ठेवायला लागतं, बरं. शाळेच्या मोठ्या बाईंची भाची राखीव म्हातारी आहे. दर तालमीला पहिल्या बाकावर बसून आमच्या पोरीबरोबर ओठ हलवत असते. आमची नुसती शिंकली तरी ती स्टेजवर. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. म्हणून तर मी आवाज चढवला नाही. माझा आवाजच तसा आहे. जन्मभर कुलपा-किल्ल्यांचं दुकान चालवलं, कानशीच्या करकराटात गिऱ्हाइकाला भाव ऐकू जायला नको? नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले दुकान बंद करा, तुम्हाला काय येतंय. मी बंद कुलपं पुढ्यात मांडून बसले, उघडेपर्यंत उठले नाही. अक्षरं शिकले ती कुलपांवरची नावं वाचून, कुठल्या शाळेची पायरी नाही चढले. आजही माळ्यावर मी चढते, बल्ब मी बदलते, मुलगा खाली उभा राहून नुसतं जपून जपून म्हणत असतो. रस्ता ओलांडताना कुणी हात पुढं केला तर त्याच्याच हातात पिशवी देते.

आणि पडदा उघडतो तर काय येतं आत? कमरेत अशी वाकलेली, जशी जमिनीवर सुई सांडलीय आणि ही ती शोधतेय. मान लटलट, हात लटलट. दर शब्दामागं खोकला. "बाळांनो... खुक्... भांडू नका रे... खुक् खुक्..." अगं, ते तुझं घर विकायला निघालेत, भांड की! आणि खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी डावा गुडघा गच्च धरायचा, आई गं म्हणायचं, मग भिंतीला हात लावत लावत चालायचं. भिंत पुठ्ठ्याची, ती म्हातारीबरोबर निघाली. लोक खो खो हसले. मागून कुणीतरी म्हणालं, अगदी बरोब्बर म्हातारी आहे हो. आणि म्हणून झाल्यावर सगळ्या माना कुणाकडं वळल्या असतील? मी होते ना तिथं बसलेली! ही कुणाची नात ते अख्ख्या वस्तीला ठाऊक, शनिवारी अख्खी वस्ती तिकीट काढून येणार, आणि मी त्यांच्यात ताठ बसून हे बघायचं? उठले. विचारलं. आता यात भांडण कुठं आलं?

तर सर म्हणतात, नाकावरचा चष्मा वर सरकवत, "आजी, आमच्याकडं कुणी मनाचं काही करत नाही. आमच्याकडं निरीक्षण असतं." हा त्यांचा आणखी एक नियम. ज्याला जे काम मिळेल त्यानं तशा माणसाच्या मागं राहायचं, तो कसा बसतो, कसा उठतो, सगळं टिपायचं, आणि तेच स्टेजवर आणायचं. डॉक्टर झालेली पोरं दवाखान्यात बसून बसून ताप घेऊन आली. घरांचा दलाल झालेल्या पोरानं कुणाचं निरीक्षण केलं ते मी विचारलं नाही, त्याचे वडील माझ्या पुढच्याच बाकावर होते.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. पोर हल्ली सारखी माझ्या मागं-पुढं. मी जेवते तर समोर बसून बघतेय, मी पायात चपला घालते तर बघतेय, जिन्यात माझ्या मागून चढतेय. मला आपलं वाटलं, माया! मी शेजारणीला दारात उभं करून ऐकवलं, की तुमची पोरं फोनमधून डोकं काढत नाहीत, आमची माझ्यावरून डोळे काढत नाही. आणि एवढं सगळं बघून हिनं हे उचललं? हे लटलटणं? माझं? तुम्हाला सांगते, सरांचा राग राहिला बाजूला, हे आत कुठंतरी लागलं.

म्हणून गेले स्टेजवर. सून बाही सोडेना, तर बाही सोडवून गेले. सरांना म्हटलं, बघा, घरात शिरणारी म्हातारी कशी असते. विंगेतून आले, सरळ, टाच वाजवत, मधोमध थांबले, आणि थोरला मुलगा झालेल्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हटलं, कुणाचं घर विकतोयस रे? तर ते पोर एवढ्याशा आवाजात म्हणालं, "नाही विकत." झालं! त्याच्या मागचे दोघं भाऊ माना हलवायला लागले. पोस्टमन पत्र नाही सांगायला आला होता, तो न सांगताच परत गेला. टाळ्या पडल्या, मी सांगते म्हणून नाही, सुनेला विचारा.

सर मात्र कपाळाला हात लावून. म्हणाले, "आजी, ही म्हातारी नाही, हा फौजदार आहे. तुमच्यासारखी म्हातारी घेतली तर नाटक पहिल्याच प्रवेशात संपतं. उरलेले अंक काय करू? चारही डॉक्टरांना घरी पाठवू?" मी म्हटलं, पाठवा, त्यांना तापच आहे. मागं परत हशा. आणि तो हशा सरांना झोंबला. आवाज एकदम खाली आणून, शाळेतली माणसं आणतात ना तसा, ते म्हणाले, "ठीक आहे. घरच्यांनाच पटत नसेल तर मी तुमच्या नातीला या कामातून मोकळं करतो. आपल्याकडं राखीव आहे."

पहिल्या बाकावरनं मोठ्या बाईंची भाची उठली. बसल्या जागेवरून वाकूनच उठली हो!

मी नातीकडं बघितलं. डोक्यावर कापसाचा पांढरा टोप, चेहऱ्यावर पेन्सिलीनं काढलेल्या सुरकुत्या, आणि त्या सुरकुत्यांवरून खरं पाणी यायला लागलेलं. तोंड उघडलं मी, सरांना सुनावणार होते. तेवढ्यात ती जवळ आली. सरांशी नाही, लोकांशी नाही, माझ्याशी बोलली, पण नाट्यमंडळात आवाज मागपर्यंत पोचवायला शिकवतात ना, तो पोचला. म्हणाली, "आजी, कुणी बघत असलं की तू सरळ चालतेस. दुपारी घरात कुणी नाही असं तुला वाटतं ना, तेव्हा मी दाराआड असते. तेव्हा तू अशीच चालतेस."

सून खाली मान घालून बसली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सर पायानं पुठ्ठ्याची भिंत सरळ करत उभे.

आता काय बोलायचं, सांगा तुम्ही. पोर खोटं बोलतेय म्हणावं, तर काम भाचीला. खरं बोलतेय म्हणावं, तर आज एवढ्या लोकांत आणि शनिवारी सगळ्या वस्तीत... पोर माझ्याकडं बघत होती, तशीच, डोळे न काढता. मग मनाशी म्हटलं, करायचंच आहे तर नीट तरी करू दे. तिच्या डोक्यावरचा टोप सरळ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"मग डावा गुडघा नको धरूस, माझा उजवा दुखतो."